दर एप्रिलमध्ये बोअरवेल हवा ओढू लागते: पंप बदलण्याआधी आणि खोली वाढवण्याआधी काय तपासावे

पावसाळ्यानंतरचे काही महिने बोअरवेल उत्तम चालते आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. होळीच्या सुमारास पाणी अडखळत येऊ लागते. एप्रिलमध्ये पंप सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच पाण्याबरोबर हवा येते, पंप बंद ठेवून दोन तासांनी पुन्हा लावला की पुन्हा तितकीच मिनिटे पाणी मिळते, आणि मे महिन्यात एखाद्या दिवशी मोटर जळते. मग सोसायटीच्या सभेत तीन सूचना येतात: मोठा पंप बसवावा, बोअर आणखी खोल करावी, किंवा आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवी बोअर मारावी. यांपैकी कोणताही उपाय निवडला तरी मोठा खर्च होतो आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या एप्रिलमध्ये तीच तक्रार पुन्हा उभी राहते. बोअरमधील पाण्याची पातळी आणि तिच्यात दर मिनिटाला येणारी आवक मोजल्याशिवाय यांपैकी कोणत्याही कामाला मंजुरी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मोजमाप एका दिवसात होते आणि त्यासाठी लागणारे साहित्य किरकोळ असते.

मुंबईच्या जमिनीखाली काय आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते, कारण खोल गेले की पाणी मिळतेच ही समजूत वाळूच्या जाड थरांच्या प्रदेशातून आलेली आहे. आपल्या शहराचा बहुतेक भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, उभा आहे. घट्ट बेसाल्टच्या पोटात पाणी साठत नाही. ते वरच्या कुजलेल्या खडकात, म्हणजे मुरमात, आणि खालच्या कातळातील सांधे व भेगांमध्ये असते. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब पाहिले, तर त्यांच्यामधल्या सांध्यांवरून ही रचना कशी असते याची कल्पना येते, मात्र जमिनीखालचे सांधे इतके नियमित नसतात आणि ते सगळे एकमेकांशी जोडलेलेही नसतात. बोअर मारताना ज्या एक-दोन ठिकाणी अशी भेग लागते, त्याला आपण झरा लागला असे म्हणतो. बोअरचे सगळे पाणी त्या एक-दोन झऱ्यांतून येते. पावसाळ्यात वरचा मुरूम भरलेला असल्यामुळे झऱ्यांवर दाब असतो आणि आवक जोरात असते. मुरमातले पाणी जसजसे खाली उतरून खाडीकडे, नाल्याकडे आणि शेजारच्या बोअरवेलकडे निघून जाते, तसतशी ही आवक घटते. खोली तीच, पंप तोच, पण एप्रिलमधली आवक ऑक्टोबरमधल्या आवकेच्या मानाने फारच कमी असते.

मोजमापासाठी तीन आकडे हवेत. पहिला आकडा रात्रभर विश्रांती घेतलेल्या बोअरमधील पाण्याची स्थिर पातळी, दुसरा पंपाचा प्रत्यक्ष उपसा आणि तिसरा पंप बंद केल्यावर पाणी किती वेगाने वर चढते तो. पातळी मोजण्यासाठी टोकाला वजन बांधलेली, दर मीटरला खूण केलेली बारीक दोरी चालते. त्याहून चांगली सोय म्हणजे टोके उघडी ठेवलेली दुपदरी वायर आणि वर जोडलेला मल्टिमीटर, कारण टोके पाण्याला टेकताच काटा हलतो आणि अंदाज करावा लागत नाही. दोरी असो वा वायर, ती पंपाच्या केबलमध्ये किंवा पंपाचे पाणी वर आणणाऱ्या कॉलम पाइपच्या जोडांत अडकण्याची भीती असते. म्हणून पंप कोणत्याही कारणाने वर काढला जाईल, तेव्हा कॉलम पाइपला लागून पाऊण इंची प्लास्टिकची नळी पंपाच्या थोडे वरपर्यंत कायमची सोडून घ्यावी आणि पुढची सर्व मोजमापे तिच्यातूनच घ्यावीत. वायर किंवा दोरी सोडताना मुख्य स्विच बंद करून त्यावर तशी सूचना लावावी, आणि स्टार्टरची पेटी उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पंप चालू असतानाची पातळी घ्यायची असेल तर ती या नळीतूनच घ्यावी.

उपसा मोजणे सोपे आहे. 200 लिटरचे पिंप किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. त्यानंतर पंप हवा ओढेपर्यंत चालू द्यावा, लगेच बंद करावा आणि पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी पातळीची नोंद करावी. सहा इंची बोअरमध्ये एक मीटर उंचीच्या स्तंभात सुमारे 18 लिटर पाणी मावते, साडेसहा इंची बोअरमध्ये सुमारे 21 लिटर. पातळी अर्ध्या तासात दहा मीटर चढली, तर सहा इंची बोअरमध्ये 180 लिटर पाणी आले, म्हणजे आवक मिनिटाला सहा लिटर झाली.

आता हा हिशेब पुढे नेऊन पाहू, कारण नेहमीच्या तक्रारीचे उत्तर यातच आहे. समजा स्थिर पातळी 15 मीटरवर आहे आणि पंप 55 मीटरवर टांगलेला आहे. मधल्या 40 मीटरच्या स्तंभात 720 लिटर पाणी उभे आहे. पंप मिनिटाला 45 लिटर उपसतो आणि झरे सहा लिटर देतात, म्हणजे साठा मिनिटाला 39 लिटरने घटतो आणि साडेअठरा मिनिटांत संपतो. पंप अगदी ठीक आहे, बोअरही बुजलेली नाही. उपसा आवकेच्या साडेसातपट आहे, इतकेच. याच बोअरला मिनिटाला 90 लिटरचा पंप बसवला तर ती साडेआठ मिनिटांत रिकामी होईल. बोअर 30 मीटरने खोल केली, पंपही तितकाच खाली सोडला आणि वाटेत नवा झरा लागला नाही, तर 540 लिटरचा साठा वाढेल, त्यातून एका वेळेला चौदा मिनिटे जास्त मिळतील, परंतु आवक सहाच लिटर राहील.

या हिशेबातून निघणारी आणखी एक गोष्ट अनेक सोसायट्यांच्या ध्यानात येत नाही आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पंप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चालवण्याची पद्धत महापालिकेच्या पाण्याच्या वेळांवरून आपल्या अंगवळणी पडली आहे. वरच्या उदाहरणातील बोअर रिकामी झाल्यावर साधारण दोन-तीन तासांत पुन्हा भरते. पातळी स्थिर पातळीला पोहोचली की झऱ्यातून पाणी येणे थांबते, कारण आत आणि बाहेर दाब सारखा झालेला असतो. म्हणजे दिवसाचे उरलेले बहुतेक तास ती बोअर काहीच गोळा करत नाही. दोन वेळच्या उपशात मिळून जेमतेम 1,660 लिटर पाणी हाती लागते. तोच पंप टायमर लावून दर तासाला आठ मिनिटे चालवला आणि पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडले, तर तासाला 360 लिटर मिळतात आणि चोवीस तासांत 8,640 लिटरच्या जवळपास जाता येते. प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमी भरतो, कारण पाणी वर चढत जाते तशी आवक मंदावते, तरीही दोन वेळच्या उपशाच्या कितीतरी पट पाणी मिळते. शौचालयाच्या वापरासाठी माणशी रोज 45 लिटर धरले, तर असे 8,640 लिटर 192 माणसांना पुरतात. जी बोअर आटली म्हणून सोडून द्यायची, तिच्याकडून छोट्या इमारतीची ही गरज मे महिन्यातही भागू शकते.

म्हणून आवक कमी निघाल्यास पहिला उपाय टायमर आणि त्याच्या जोडीला कोरड्या चालण्यापासून पंपाला वाचवणारे संरक्षण, ज्याला बाजारात ड्राय रन म्हणतात. पाणी संपल्यावर मोटरचा विद्युतप्रवाह घटतो. हे उपकरण ती घट ओळखून पंप बंद करते आणि ठरावीक वेळेने पुन्हा सुरू करते. दुसरा उपाय म्हणजे उपसा आवकेच्या जवळ आणणे. वरच्या पाइपवरील गेट व्हॉल्व्ह थोडा आवळून ते काही प्रमाणात साधते, पण फार आवळल्यास मोटर तापते, त्यामुळे पुढच्या वेळी पंप बदलायचाच असेल तर कमी उपशाचा घ्यावा. पंपाची जागाही तपासावी. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने थंड राहते. झरा वर आणि पंप खाली असेल तर पाणी वरून येऊन थेट पंपाच्या तोंडात शिरते, तळाच्या मोटरभोवतीचे पाणी हलत नाही आणि भरपूर पाण्यात बुडालेली मोटरही जळते. दर मे महिन्यात मोटर जळत असल्यास हे कारण आवर्जून शोधावे. मोटरवर बाहेरून आवरणाची नळी बसवली की पाण्याला खालून वर जाणे भाग पडते आणि मोटर थंड राहते.

उपसा कमी आहे, पण पातळी खाली जात नाही, असे आढळल्यास दोष बोअरमध्ये नसून पंपात किंवा पाइपात आहे. पंप चालू असताना बोअरच्या तोंडाशी कान दिल्यावर आत पाणी कोसळल्याचा आवाज आला, तर कॉलम पाइपला भोक पडलेले असते किंवा जोड सुटलेला असतो, मात्र पातळी झऱ्याच्या खाली गेल्यावर झऱ्याचे पाणीही असाच आवाज करते, म्हणून हा निष्कर्ष पातळी वर असतानाच काढावा. वायरभोवती अडकवायच्या क्लँप मीटरवर विद्युतप्रवाह नेहमीपेक्षा जास्त दिसल्यास पंपात वाळू अडकली आहे किंवा व्होल्टेज पडले आहे. पंप सुरूच होत नसेल आणि नुसता गुणगुणत असेल, तर आधी कपॅसिटर बदलून पाहावा.

पाणी गढूळ येण्याच्या तक्रारीत वेळ पाहणे महत्त्वाचे असते. उन्हाळ्यात, उपशाच्या अखेरीस गढूळ पाणी आले तर पातळी झऱ्याच्या खाली गेली आहे आणि वरून पडणारे पाणी भिंतीची माती घेऊन येत आहे. उपसा कमी केला की हे थांबते, आणि तळात गाळ साठला असेल तर कॉम्प्रेसरने बोअर धुऊन घ्यावी. पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच पाणी गढूळ किंवा तांबूस झाले, त्याला वास आला, तर दोष केसिंगचा, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या आवरण-पाइपचा आहे. मुंबईत अनेक वस्त्या भरावावर किंवा खाडीच्या चिखलावर उभ्या आहेत, त्यामुळे केसिंग पाइप भराव, चिखल आणि मुरूम ओलांडून पक्क्या कातळात काही मीटर बसला पाहिजे आणि त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरली पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी केसिंग मुरमातच थांबवलेली असते, किंवा पार्किंगला अडथळा नको म्हणून तिचे तोंड जमिनीच्या सपाटीला कापलेले असते. मग जुलैमध्ये आवारात तुंबलेले पाणी, त्यात मिसळलेले गटाराचे पाणी, सरळ बोअरमध्ये उतरते. तोंड जमिनीच्या वर निदान दीड-दोन फूट असावे, आणि आवारात पाणी साचत असेल तर साचण्याच्या पातळीच्याही वर असावे; भोवती उताराचा सिमेंटचा ओटा आणि वर घट्ट झाकण असावे. मलनिस्सारणाच्या जुन्या वाहिन्या किती ठिकाणी फुटलेल्या असतात हे पाहता, चव गोड लागली तरी मुंबईतील बोअरवेलचे पाणी पिण्यास वापरू नये. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये, आणि ही अट जिभेवर तपासता येत नाही.

खारटपणाची तक्रार खाडी किंवा किनारा जवळ असलेल्या भागांत वेगळी हाताळावी लागते. त्यासाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर घ्यावा आणि उपशाच्या सुरुवातीचा व शेवटचा, असे दोन आकडे दर आठवड्याला लिहून ठेवावेत. पिण्याच्या पाण्याच्या त्याच मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आणि अन्य पर्याय नसल्यास 2,000 मिलिग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे 35,000 मिलिग्रॅम असते. आकडा वर्षभर सारखाच आणि जास्त असेल, तर तो खडकाचा किंवा भरावाचा गुण आहे. परंतु तो उपशाच्या सुरुवातीला कमी आणि शेवटी बराच जास्त निघत असेल, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत चढत जात असेल, तर तुमचा पंप खाडीचे पाणी ओढतो आहे असे समजावे. गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि एकसारख्या सच्छिद्र थरात समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. कातळात भेगांमुळे हे प्रमाण तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच राहते: वरची पातळी थोडी उतरली तरी खालचे खारे पाणी बरेच वर चढते. अशा ठिकाणी बोअर खोल करणे म्हणजे खाऱ्या पाण्याजवळ स्वतः होऊन जाणे होय, आणि एकदा खारी झालेली बोअर एका पावसाळ्यात सुधारेलच असे नाही. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर 1725 पासून समुद्राच्या इतक्या जवळ गोडे पाणी देत आली आहे, यावरून जवळचा समुद्र हीच एकमेव अडचण नसते हे दिसते. किती उपसतो आणि किती मुरते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मुरवण्याविषयी बोलायचे, तर गच्चीच्या पाण्याचा आकडा मोठा दिसतो. मुंबईत वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे 100 चौरस मीटर गच्चीवरून, वाया जाणारा वाटा सोडूनही, सुमारे दीड लाख लिटर पाणी मिळते. ते वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडता येते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढावे आणि पार्किंगमधले तेलकट पाणी कदापि आत घालू नये. तरीही ऑगस्टमध्ये सोडलेले पाणी एप्रिलमध्ये त्याच बोअरमध्ये मिळेल, असे आश्वासन मी कोणाला देणार नाही. भेगांमधले पाणी वाहत राहते. एकाच गल्लीतील पाच-सहा इमारतींनी मिळून मुरमात पाणी मुरवले तर परिसराची पातळी टिकण्यास मदत होते, आणि एकट्या इमारतीला त्याहून खात्रीचा लाभ हवा असेल तर पावसाळ्याचे चार महिने गच्चीचे पाणी थेट टाकीत घेऊन शौचालयासाठी वापरावे आणि तेवढे महिने बोअरचा उपसा बंद ठेवावा.

जिथे मुरमाचा थर जाड आहे आणि आवारात जागा आहे, तिथे दुसऱ्या बोअरऐवजी रिंगवेलचा, म्हणजे काँक्रीटची कडी बसवलेल्या रुंद, उथळ विहिरीचा विचार करावा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीला सुमारे 7,000 लिटर पाणी मावते, त्यामुळे मंद आवक रात्रभर साठत राहते आणि सकाळी एकदम वापरता येते. तिच्यावर डास शिरणार नाहीत असे घट्ट झाकण मात्र हवेच, कारण मुंबईत मलेरिया पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो.

एवढे करूनही आवक दिवसाची किमान गरज भागवत नसेल, तेव्हाच नव्या खोदकामाकडे वळावे. नारळ किंवा काटकी घेऊन जागा दाखवणाऱ्या पाणाड्यापेक्षा भूजलशास्त्रज्ञाकडून सर्वेक्षण करून घेणे हिताचे आहे, आणि त्याला दाखवायला जुन्या बोअरची नोंद असेल तर त्याचे काम अधिक चांगले होते. खोदणारा फुटावर पैसे घेतो, म्हणून कोणत्या खोलीवर थांबायचे हे गाडी आवारात येण्याआधी लेखी ठरवावे. खोदताना दर तीन मीटरला निघणारा चुरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरून खोली लिहून ठेवावी आणि कोणत्या खोलीवर पाणी लागले, केसिंग कुठपर्यंत गेली, हे सोसायटीच्या दप्तरात नोंदवावे. वर सांगितलेल्या बहुतेक तपासण्या या नोंदी नसल्यामुळेच अवघड होतात.

परवानगी हा केवळ कागदोपत्री भाग नाही. मुंबईच्या आणि ठाण्याच्या पोटातून पाण्याचे बोगदे, मेट्रोचे बोगदे आणि वीजवाहिन्या जातात. ठाण्यात बोअरवेल खोदताना मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्याला भोक पडले आणि त्याच्या दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून शहरात 15 टक्के पाणीकपात करावी लागली. एका आवारातल्या पाण्यासाठी साऱ्या शहराचे पाणी तुटले. महापालिकेची परवानगी, राज्याच्या भूजल अधिनियमातील तरतुदी आणि केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र यांपैकी आपल्या सोसायटीला काय लागू होते, हे विभाग कार्यालयात विचारून लेखी उत्तर घ्यावे. याच ना-हरकत प्रमाणपत्राच्या प्रश्नावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईतील टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा टँकरच्या भरवशावर असलेल्या इमारतींची किती ओढाताण झाली ते सर्वांनी पाहिले आहे.

नवी बोअर झाल्यावर जुनी तशीच सोडू नये. उघडे तोंड मुलांच्या जिवावर बेतू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच अशा सोडून दिलेल्या बोअरवेल तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरण्याचे निर्देश दिलेले आहेत. शिवाय बुजवलेली नसलेली जुनी बोअर गटाराचे पाणी त्याच भेगांमधून नव्या बोअरपर्यंत पोहोचवते, म्हणून ती भरून, वरच्या काही मीटरमध्ये सिमेंट घालून, तिची जागा आवाराच्या नकाशावर नोंदवल्यानंतरच ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करावे.